डिजिटल दरी आणि गावातील चित्रफीत

शेतातील उभ्या पिकाची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर असणे शेतकऱ्याच्या दृष्टीने किती महत्त्वाचे आहे, हे ग्रामीण कार्यकर्त्यांस नव्याने सांगावयास नको. ही नोंद पूर्वी तलाठी करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीची पद्धत सर्वत्र सुरू झाली, आणि शेतात उभे राहून स्वतःच्या मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घेऊन ही नोंद करण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हाती आला. पद्धत चांगली आहे. आपल्या शेतात काय पेरले आहे हे शेतकऱ्याखेरीज अधिक कोणास ठाऊक असणार? परंतु अधिकाराबरोबर साधनही हवे, आणि साधनाबरोबर ते वापरण्याची माहितीही हवी. एखाद्या घरात एकच मोबाईल असतो आणि तो कामासाठी पुण्यास गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. एखाद्या वस्तीवर डोंगराच्या आडोशामुळे रेंज मिळत नाही. एखाद्या विधवा भगिनीच्या नावावर दीड एकर सोयाबीन असते, परंतु आलेला फोन उचलण्यापलीकडे मोबाईलचा दुसरा उपयोग तिला कोणी दाखविलेलाच नसतो. अशा खातेदारांची नोंद मुदतीत होत नाही. पुढे हमीभावाच्या खरेदी केंद्रावर किंवा नुकसानीच्या पंचनाम्याच्या वेळी अडचण उभी राहते ती अशी की, पीक शेतात होते पण उताऱ्यावर नव्हते.

ज्यांस हे साधन वापरता येते आणि ज्यांस येत नाही, त्यांच्यामध्ये पडलेल्या या अंतरासच डिजिटल दरी असे म्हणतात. हे अंतर कमी करण्याच्या कामी चित्रफितीचा उपयोग कसा होऊ शकतो, आणि कोणत्या रीतीने वापरल्यास तो मुळीच होत नाही, याचा विचार येथे केला आहे.

दरी आता कोठे आहे?

जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातील राष्ट्रीय नमुना पाहणीत असे आढळून आले की, देशातील शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांस इंटरनेटची सोय होती, तर ग्रामीण कुटुंबांत हे प्रमाण १४.९ टक्के एवढेच होते. संगणक तर खेड्यातील शंभरांपैकी चार-पाच घरांतच होता. त्यानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीप्रमाणे देशातील ८६.३ टक्के घरांत इंटरनेट पोहोचले आहे. हे आकडे वाचून दरी बुजली असा समज होणे साहजिक आहे.

परंतु घरात साधन असणे आणि घरातील प्रत्येकाच्या हाती ते असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-पुरुषांस स्वतंत्रपणे विचारण्यात आले होते. ज्यांनी कधीतरी इंटरनेट वापरले आहे अशांचे प्रमाण ग्रामीण पुरुषांत ४८.७ टक्के, तर ग्रामीण स्त्रियांत २४.६ टक्के भरले. ही पाहणी काही वर्षांपूर्वीची आहे आणि आज दोन्ही आकडे वाढलेले असणार, हे मान्य केले तरी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पूर्वी ही दरी शहर आणि खेडे यांच्यामध्ये होती. आता ती पुष्कळ ठिकाणी एकाच घरात, सासू आणि नातू यांच्यामध्ये, नवरा आणि बायको यांच्यामध्ये आहे. गावात किती मोबाईल आहेत याची मोजदाद करून ती दिसत नाही. तो मोबाईल कोण हाताळतो हे विचारावे लागते.

दुवा धाडला म्हणजे काम झाले, असे नव्हे

गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर आज माहितीच्या चित्रफितींचा वर्षाव होत असतो. बीजप्रक्रिया, लष्करी अळी, ठिबकाची योजना, पी. एम. किसानची ई-केवायसी, अशा सर्व विषयांवर त्या असतात. त्यांपैकी काही उत्तमही असतात. कार्यकर्ता सकाळी दुवा पुढे धाडतो आणि माहिती दिल्याची नोंद आपल्या दैनंदिनीत करतो. येथे थोडा विचार केला पाहिजे. त्या गटात कोण आहेत? ज्यांच्याजवळ मोबाईल आहे, ज्यांस वाचता येते आणि ज्यांची डेटा खर्चण्याची ऐपत आहे, तेच. म्हणजे दरीच्या पलीकडे राहिलेल्या माणसाविषयीची सूचना दरीच्या अलीकडच्या माणसांस पोहोचली. मोबाईलवर पीकनोंद कशी करावी हे शिकविणारी चित्रफीत पाहावयास आधी मोबाईल चालविता आला पाहिजे, असा हा पेच आहे.

तेव्हा दोष चित्रफितीचा नसून ती एकट्याने पाहण्याच्या रीतीचा आहे. ही चूक पूर्वीच्या पिढीतील विस्तार कार्यकर्त्यांनी फारशी केली नाही, कारण त्या काळी घरोघर यंत्र पोहोचविणे शक्यच नव्हते. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील १५० गावांत शेतकी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावातील काही शेतकरी ठरलेल्या दिवशी एका रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, आणि नंतर त्यावर आपसांत चर्चा करीत. चर्चेतून निघालेले प्रश्न पुण्यास पाठविले जात व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत मिळत. त्या प्रयोगाचा जो अभ्यास झाला, त्यात मंडळे असलेल्या गावांतील शेतकऱ्यांच्या ज्ञानात मोठी भर पडल्याचे दिसून आले. रेडिओ इतर गावांतही होते. मंडळांच्या गावांत अधिक होती ती बैठक आणि चर्चा.

पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात ‘साइट’ या नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्राचा समावेश त्या सहा राज्यांत नव्हता. गावात एकच संच असे आणि सारा गाव तो एकत्र पाहत असे. त्याच सुमारास गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीज या गावच्या प्रक्षेपण केंद्राने एक पाऊल पुढे टाकले. तेथील कार्यक्रमांत गावकऱ्यांची स्वतःची भाषा आणि स्वतःच्या अडचणी येऊ लागल्या. या कामास १९८४ मध्ये युनेस्कोचे पारितोषिक मिळाले.

कर्नाटकातील अनुभव

आजच्या काळातील अनुभव पाहावयाचा तर २००६ च्या सुमारास कर्नाटकात सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमाचे उदाहरण घेता येईल. त्याची पद्धत साधी होती. गावातीलच शेतकरी एखादी सुधारित पद्धत आपल्या शेतात, आपल्या बोलीत करून दाखवीत. तिची आठ-दहा मिनिटांची चित्रफीत तयार होई. ती शेजारच्या गावात पंधरा-वीस जणांच्या गटास दाखविली जाई. दाखविणारा कार्यकर्ता त्याच परिसरातील असे. तो चित्र मध्येच थांबवी, प्रश्न विचारी, शंका लिहून घेई, आणि नंतर शेतावर जाऊन कोणी काय अंगीकारले ते पाही. सोळा गावांतील पहिल्या तुलनेत, ज्यांपैकी आठ गावांत केवळ नेहमीची प्रशिक्षण व भेट पद्धती चालू होती, काही पद्धतींचा अंगीकार चित्रफितीच्या गावांत सुमारे सातपट झाला. पुढे हीच पद्धत बिहारसारख्या राज्यांतील महिला बचत गटांत पुष्कळ पसरली.

या यशाची कारणे अभ्यासकांनी शोधली तेव्हा यंत्राचा वाटा त्यांना दुय्यम दिसला. शेतकरी पडद्यावरील माणसाकडे पाहून पहिला प्रश्न विचारी तो पिकासंबंधी नसे. हा कोणत्या गावचा आणि याची जमीन किती, हे त्यास आधी जाणून घ्यावयाचे असे. तो आपल्यासारखाच आहे अशी खात्री पटली म्हणजे मगच तो पुढे ऐके. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांसही हा अनुभव आहेच. पन्नास एकरांच्या आदर्श बागायतदाराचे भाषण कोरडवाहू शेतकरी आदराने ऐकतो आणि घरी जाऊन विसरतो.

चित्रफीत कशी करावी

विषय एकच घ्यावा. ‘मोबाईलचा शेतीत उपयोग’ हा चित्रफितीचा विषय होऊ शकत नाही. तो भाषणाचा विषय आहे. ‘आपल्या गट क्रमांकातील पिकाची नोंद कशी करावी’ हा विषय योग्य होय. त्याचप्रमाणे ‘घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी’ हाही योग्य. वास्तविक नवख्या कार्यकर्त्याने सुरुवात या दुसऱ्या विषयापासून करणे अधिक बरे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडणे, ते गुंडाळून ओलसर ठेवणे, पाच-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजणे, आणि सत्तर किंवा अधिक निघाल्यास बियाणे पेरणीयोग्य समजणे, ही कृती डोळ्यांस दिसणारी आहे. अक्षर न येणाऱ्यासही ती पाहून करता येते. चित्रफितीवर विश्वास एकदा बसला म्हणजे मग मोबाईलच्या पडद्यावरील बारीक आणि अपरिचित कृतीकडे वळावे.

पीकनोंदीची चित्रफीत करताना ती करून दाखविणारी व्यक्ती निवडणे हेच मुख्य काम. तरबेज तरुण निवडू नये. त्याची बोटे इतक्या वेगाने चालतात की पाहणारा गोंधळून जातो, आणि ‘हे पोरांचे काम’ अशी त्याची समजूत दृढ होते. पन्नाशीतील एखादी शेतकरी भगिनी, जिने मागील हंगामात प्रथमच स्वतःची नोंद केली आहे, अशी मिळाल्यास उत्तम. ती मध्ये चुकली तर तो भाग कापून टाकू नये. गट क्रमांक चुकीचा पडला, मग मागे जाऊन तिने तो दुरुस्त केला, हे पाहणाऱ्यास दिसले पाहिजे. आपल्या हातून चूक झाली तर काहीतरी बिघडेल, या भीतीमुळेच पुष्कळ वडीलधारी माणसे मोबाईलला हात लावीत नाहीत.

चित्रण साध्या मोबाईलवर होते. मोबाईल आडवा धरावा. सूर्य चित्रण करणाराच्या पाठीशी असावा. वाऱ्याचा आवाज हा चित्रफितीचा सर्वांत मोठा शत्रू आहे, म्हणून बोलणाऱ्यापासून दोन हातांहून दूर जाऊ नये, अथवा तारेचा माइक वापरावा. मोबाईलच्या पडद्यावर बोट कोठे ठेवले ते दाखविताना सावलीत बसावे, नाहीतर पडदा काळा दिसतो. प्रत्येक पायरीनंतर क्षणभर थांबावे. हंगाम, गट क्रमांक, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख, सिंचनाचे साधन आणि शेवटी छायाचित्र, हा क्रम बोलून दाखवावा, कारण पडद्यावरील शब्द सर्वांस वाचता येतीलच असे नाही. आधार क्रमांक, बँकेचे खाते अथवा मोबाईलवर आलेला ओटीपी चित्रात येऊ देऊ नये. ज्याचे चित्रण करावयाचे त्याची संमती आधी घ्यावी, आणि ही चित्रफीत कोठे दाखविली जाणार तेही त्यास सांगावे.

कॅमेरा कोणत्या उंचीवर धरावा हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. तेलंगणातील जहीराबादजवळच्या पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस चित्रण शिकून घेतले. त्यांपैकी बहुतेकींस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी या तंत्रास स्वतःची नावे दिली. खालून वर पाहणारे चित्रण म्हणजे ‘पटेल शॉट’, कारण मजुरास जमीनदार असाच दिसतो. वरून खाली पाहणारे चित्रण म्हणजे मजुराचा शॉट, कारण जमीनदारास मजूर असा दिसतो. आणि डोळ्यास डोळा भिडेल अशा उंचीवरचे ते ‘संघम शॉट’, कारण संघाच्या बैठकीत सर्व जणी सारख्याच उंचीवर बसतात. शेतकऱ्यासाठी चित्रफीत करणाऱ्याने ही तिसरी उंची पसंत करावी. बांधावर उभे राहून खाली बसलेल्या शेतकऱ्याचे चित्रण करण्याची सवय अनेकांस असते. ती सोडावी.

कोठे व केव्हा दाखवावी

जागा ठरविताना गावातील सर्वांस जेथे मोकळेपणाने येता येते अशी जागा पाहावी. काही गावांत देवळाचा सभामंडप सोयीचा वाटतो, पण तेथे सर्व वस्त्यांतील माणसे येतात काय, याचा प्रामाणिकपणे विचार करावा. शाळेचा वर्ग किंवा अंगणवाडी पुष्कळदा अधिक बरी. दूरच्या पाड्यावरील लोकांस गावात बोलाविण्यापेक्षा बॅटरीवर चालणारा लहान प्रोजेक्टर घेऊन तेथे जावे. पांढरी भिंत नसल्यास धोतर ताणून बांधले तरी काम भागते. चित्रफीत आधीच मोबाईलमध्ये उतरवून घेतलेली असावी. गावात गेल्यावर रेंज शोधत फिरण्याची वेळ येऊ देऊ नये.

स्त्रियांची वेळ निराळी असते, हे विसरू नये. सायंकाळी सात वाजता ठेवलेल्या कार्यक्रमास पुरुष येतात आणि स्त्रिया चुलीपाशी असतात. बचत गटाची बैठक असेल त्या दिवशी, त्यांच्या सोयीच्या वेळी जावे. गट वीस-पंचवीसांहून मोठा नसावा. मोठ्या गर्दीत मागच्यांस पडदा दिसत नाही, आणि ज्यास समजले नाही तो विचारीतही नाही.

चित्रफीत सलग दाखवू नये. दोन-अडीच मिनिटांनी थांबवून ‘आता पुढे काय करावयाचे?’ असे प्रेक्षकांसच विचारावे. त्यानंतर त्याच ठिकाणी दोघा-तिघांकडून प्रत्यक्ष कृती करवून घ्यावी, आणि मोबाईल त्यांच्याच हातात द्यावा. येथे कार्यकर्त्याच्या संयमाची कसोटी लागते. समोरची व्यक्ती चाचपडू लागली की ‘द्या इकडे, मी करून देतो’ असे शब्द सहज तोंडून निघतात. त्या दिवशीची नोंद तेवढी होते, पण पुढच्या हंगामात ती व्यक्ती पुन्हा तेथेच उभी असते. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ही गोष्ट बैठकीत मुद्दाम सांगावी. ज्याच्याजवळ मोबाईल नाही त्याची नोंद शेजाऱ्याच्या मोबाईलवरून होऊ शकते हे अनेकांस माहीत नसते, आणि माहीत नसल्यामुळे कोणी विचारीत नाही.

या ओघातच फसवणुकीचाही इशारा द्यावा. ज्यांनी मोबाईल नुकताच हाती घेतला आहे तेच भामट्यांचे पहिले सावज होतात. ओटीपी कोणास सांगू नये, आणि पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी, एवढे दोन मुद्दे पुरेत. अधिक भीती घातल्यास लोक मोबाईल पुन्हा पेटीत ठेवून देतील.

चित्रफीत वरही गेली पाहिजे

आतापर्यंतचा विचार शेतकऱ्यास शिकविण्यापुरता झाला. परंतु काही अडचणी शिकवून सुटणाऱ्या नसतात. टॉवरच नसेल तर शेतकऱ्याने काय शिकावे? रोजच्या कष्टाने अंगठ्याच्या रेषा झिजल्या असतील आणि यंत्र ठसा घेत नसेल, तर त्यात त्याचा कोणता दोष? अशा वेळी चित्रफितीची दिशा उलटी करावी लागते.

कॅनडातील फोगो या बेटावर १९६७ मध्ये असे घडले. बेटावरील मच्छीमारांची वस्ती उठवून त्यांस दुसरीकडे वसवावे असा विचार सरकारी पातळीवर चालू होता. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी बेटावरील लोकांचे त्यांच्याच शब्दांतील लहान लहान चित्रपट घेतले. ते प्रथम बेटावरच्याच निरनिराळ्या वस्त्यांत दाखविले गेले. परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या वस्त्यांस आपल्या अडचणी एकच आहेत हे त्यातून उमगले. नंतर ते सरकारातील मंत्र्यांस दाखविण्यात आले, आणि मंत्र्यांची उत्तरेही चित्रित होऊन बेटावर आली. लोकांनी सहकारी संस्था उभी केली आणि वस्ती तेथेच राहिली. आपल्याकडे अहमदाबादेत ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने १९८४ मध्ये आपल्या सभासद स्त्रियांस चित्रण शिकविले. त्यांत अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही होत्या, आणि आपल्या धंद्यातील अडचणी त्या स्वतःच चित्रित करू लागल्या.

गावपातळीवरील कार्यकर्त्यासही हे लहान प्रमाणावर करता येण्याजोगे आहे. अमुक पाड्यावर इतक्या खातेदारांची नोंद झाली नाही, असा आकडा तालुक्यास दर हंगामात जातोच. त्या आकड्याबरोबर तीन मिनिटांची चित्रफीत जोडावी. रेंज मिळविण्यासाठी शेतकरी मोबाईल उंच धरून टेकडी चढत आहे, आणि टेकडीवर रेंज मिळते तेव्हा त्याचे शेत मागे राहिलेले आहे, हे दृश्य तालुक्याच्या बैठकीत पडद्यावर दिसले म्हणजे ‘शेतकरी उदासीन आहेत’ हा नेहमीचा शेरा लिहिणे कठीण जाते. मात्र अशी चित्रफीत कोणाच्या गाऱ्हाण्याचे प्रदर्शन होऊ नये. चित्रित झालेल्या माणसास ती आधी दाखवावी, आणि त्याने नको म्हटलेला भाग काढून टाकावा. वरून उत्तर आल्यास, ते नकाराचे असले तरी, त्याच पाड्यावर जाऊन सांगावे. असे न केल्यास पुढच्या वेळी कॅमेऱ्यासमोर कोणी बोलणार नाही.

नोंदवही

प्रत्येक प्रयोगानंतर एका साध्या वहीत चार गोष्टी लिहाव्यात. कोण आले, कोणी काय विचारले, कोणी स्वतःच्या हाताने कृती केली, आणि गावातील खातेदारांच्या यादीतील कोण आले नाही. यांपैकी चौथा रकाना बहुधा रिकामा सोडला जातो. तो प्रथम भरावा. त्यात पुष्कळदा तीच ती नावे पुन्हा येतात. एकटी राहणारी म्हातारी, दुसऱ्याच्या गावी सालगडी म्हणून राहिलेला खातेदार, ऊसतोडीस गेलेले कुटुंब. नोंदणीची मुदत दर हंगामात जाहीर होते. ती संपण्याच्या पंधरा दिवस आधी ही यादी हाती घेऊन त्या घरांकडे जावे, आणि ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांकडे ती गाव सोडण्यापूर्वीच जावे.